कमरेची पुनर्रचना

शनिवार, ६ मार्च १९५४. संध्याकाळ.
पडल्या पडल्या लिहितो आहे. देवास गेटच्या मोटारअड्ड्यावर बस सुरू होईना. वीस-पंचवीस उतारू ढकलत होते, मी देखरेख करत होतो. एक शेठजी म्हणाले, "पंडितजी, आप भी हाथ लगाइए." नाइलाजाने एक हात लावला. बस तत्काळ सुरू झाली. म्हणजे इतका वेळ कुणाचा हात कमी पडत होता हे उघड आहे. बस गेली, मी मात्र ढकलण्याच्या मुद्रेतच राहिलो. टांग्यात आडवा घालून घरी आणलं.
देवासच्या सभेचं वृत्त पुण्याच्या साप्ताहिकाला जायचं होतं. विषय नेहमीचाच: मध्य भारत राज्य ठेवावं की मोडावं. सभेला न जाताच लिहिलं. जास्त तटस्थ उतरलं.
सौ. म्हणाली, "धक्का मारायला तुम्हाला सांगितलं होतं कोणी?" वस्तुतः सांगितलं होतं.

रविवार, ७ मार्च.
भय्यासाहेब आले. माझे थोरले चुलतभाऊ, रेल्वेत गार्ड. रतलामच्या गाडीवरून उतरून थेट इकडेच, हातात हिरवी-तांबडी निशाणं. सौ.शी ओसरीवर बराच वेळ बोलत होते. मग आत येऊन म्हणाले, "श्रीनाथ, मुंजीची फिकीर करू नको. मी आहे ना."
मी आहे ना! अनिलची मुंज बारा मेला. दोन मुलींवर उशिरा झालेला मुलगा, आठवं चालू आहे. बापाने पाटावर मांडी घालून बसायचं, डोक्यावरून उपरणं घ्यायचं, वाकायचं आणि मुलाच्या कानात गायत्री सांगायची. हा अधिकार बापाचा. बापाला जमलं नाही तर चुलत्याचा. म्हणजे मी बारा वर्षं पाठशाळेत घासली ती कशासाठी? ज्यांनी आयुष्यभर शिट्ट्या फुंकल्या त्यांनी माझ्या मुलाला वेदाधिकार द्यावा म्हणून?
सहासष्ट दिवस आहेत. सहासष्ट दिवसांत राज्यं इकडची तिकडे होतात. एक कंबर काय!

मंगळवार, ९ मार्च.
सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, स्नायू आखडलाय. मागच्या खोलीत नवा व्यायामोपचार विभाग निघालाय, तिथे पाठवलं. तिथे मिस उषा सबनीस. मुंबईहून शिकून आलेली, वय सव्वीस-सत्तावीस, हातात शिंपिणीसारखा टेप. म्हणाली, "आजोबा, पुढे वाका." आजोबा! मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. रागाने वाकलो, त्यामुळे अंतर जास्त आलं. बोटांची टोकं ते जमीन: सतरा इंच.
मुंजीचं सांगितलं. म्हणाली, "आठ इंचांवर आलात की कानापर्यंत पोचाल. येईल, पण घरी रोज करायला हवं." सहा व्यायामांचा कागद दिला, चित्रांसकट. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. शिवाय गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. पडून राहायला सक्त मनाई.
शेक उत्तम वाटला.

गुरुवार, ११ मार्च.
शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून भैरवगढला माणिक उस्तादांकडे. धंदा कापडावर ठप्पे छापायचा. हाडं बसवणं वडिलांपासून, त्याचे पैसे घेत नाहीत. छपाईचा ठेंगणा पाट, त्यावर गोणपाट-कांबळ्यांची गादी, तिच्यावरच पालथं घातलं. डोकं एका बाजूला खाली, पाय दुसऱ्या बाजूला. सगळ्या कारखान्यात ठप्प ठप्प चाललेलं. उस्ताद म्हणाले, "पंडितजी, संस्कृत में कुछ बोलो." मी तोंड उघडलं आणि त्यांनी मनगटाची कड कमरेवर हाणली. कड्ड! जे बाहेर पडलं ते संस्कृत नव्हतं.
पण उठून सरळ उभा राहिलो. पाच दिवसांत पहिल्यांदा. अहाहा!
म्हणाले, "आज-काल दो दिन टाट पे लेटना. तीसरे दिन से रोज सुबह पैदल क्षिप्रा तक, और वापस." टाट म्हणजे तरट. दवाखान्याचं बोललो नाही. कलावंतांची मनं हळवी असतात.

शुक्रवार, १२ मार्च.
विचारान्ती निर्णय. एक पक्ष म्हणतो हाड बसवा, दुसरा म्हणतो स्नायू चालवा. अडाणी माणूस यातला एक निवडतो. शास्त्र शिकलेला समन्वय करतो. दोन्हींतलं सार घ्यायचं. मिस सबनीस यांच्याकडून शेक. उस्तादांकडून आराम. व्यायाम आणि पायपीट हे दोन्हीकडचे गौण भाग. ते परस्परांना छेद देतात म्हणून तूर्त बाजूला.
कुणालाही कुणाचं कळता कामा नये. सौ.लाही नाही.
सौ. म्हणाली, "भैरवगढच्या टांगेवाल्याने पाकीट आणून दिलं. त्याच्या टांग्यात विसरला होतात."

मंगळवार, १६ मार्च.
व्यायाम सुरू केला. पद्धत अशी: सौ. कागद वाचते, मी करतो. तिला चित्रं नीट समजत नाहीत म्हणून आधी तिने करून दाखवायचं, म्हणजे मला चूक काढता येते. आज तिने सहाही दहा-दहा वेळा केले. बऱ्याच चुका होत्या. शेवटी मला थकवा आला.
अनिल विचारतो, "बाबा, व्यायाम तुमचा आहे की आईचा?" मुंज झाल्याशिवाय मुलांना प्रश्न विचारायचा अधिकार नसावा.
मिस सबनीसने एक वही दिलीय, रोजचे आकडे लिहायला. लिहिले: दहा, दहा, दहा, दहा, दहा, दहा. संध्याकाळचेही आत्ताच लिहून ठेवले.

शनिवार, २० मार्च.
धुळवड. शास्त्रात अनध्याय.

रविवार, २१ मार्च.
काल अनध्याय असल्याने आज एकदम सुरुवात करणं स्नायूंना घातक. उद्या.

बुधवार, २४ मार्च.
रंगपंचमी. दार लावून शेक घेतला. बाहेर भय्यासाहेब रंगात भिजून नाचत होते. वय त्रेपन्न, कंबर रबरासारखी. चालत्या गाडीच्या डब्यात चढून चढून झालेली असणार. त्यात कर्तृत्व काय!

मंगळवार, ३० मार्च.
वाईट दिवस. सकाळी भैरवगढला गेलो, कड्ड झालं, छान वाटलं. तिथून परस्पर दवाखान्यात. शर्ट काढून पालथा झालो. मिस सबनीस पाठीवर वाकली. मग म्हणाली, "आजोबा, तुमच्या बंडीवर पाठीमागे फुलं आहेत."
आज शर्ट उतरवून उताणंही निजवलं, तेव्हा पाटावरचं कापड ओलं होतं हे उस्तादांनी सांगायला नको का? तांबड्या बुट्ट्या, आडव्या ओळीत. मी म्हटलं, रंगपंचमी. ती म्हणाली, "रंगपंचमी होऊन सहा दिवस झाले. आणि रंग असा मोजून अकरा ठिकाणी पडतो का?"
मी म्हटलं, माळव्यात पडतो.
तिने कागदावर काहीतरी लिहिलं. अंतर: सतरा इंच. पण टेप उन्हाने आखडला असावा; ऊन फार आहे.

रविवार, ४ एप्रिल.
पाडवा. नवं वर्ष, नवे संकल्प. आजपासून कडक. १) व्यायाम दोन वेळा. २) क्षिप्रेपर्यंत पायी. ३) कुणाशी खोटं बोलायचं नाही. ४) भय्यासाहेबांविषयी मनात वाईट आणायचं नाही.
गुढी सौ.नेच उभारली. हात डोक्याच्या वर नेऊन पितळी तांब्या काठीवर उपडा घातला. तीन वर्षं तिचा उजवा खांदा वर जात नव्हता, फडताळातला डबा काढायलाही मला हाक मारायची. आता बरा दिसतो. बायकांची दुखणी अशी आपोआप जातात. आपल्यालाच कष्ट पडतात.
श्रीखंडानंतर व्यायाम करू नये. चारही संकल्प उद्यापासून.

शनिवार, १० एप्रिल.
राज्य पुनर्रचना आयोगाला निवेदनं द्यायची मुदत चोवीस तारखेपर्यंत. गावातली प्रत्येक संस्था निवेदन लिहिते आहे आणि प्रत्येकीला भाषा माझी हवी आहे. एका मंडळाला ग्वाल्हेर राजधानी हवी, एकाला इंदूर. दोघांचीही निवेदनं मीच लिहिली. दोन्ही अकाट्य आहेत. दिवसभर तक्क्याला टेकून काम. देशाच्या नकाशाचा प्रश्न असताना माणसाने गुडघे पोटाशी घेत बसायचं?
सौ. म्हणाली, "आयोग तुमच्याशिवाय अडून राहिलाय का?" तिला राजकारण कळत नाही. पलीकडच्या खोलीत माझे व्यायाम ती एकटीच करत होती. सवय लागलीय म्हणे.

शनिवार, १७ एप्रिल.
भैरवगढ. दारातच थबकलो. आत मिस सबनीस. जमिनीवर बसलेली, मांडीवर उस्तादांचा उजवा हात, मनगट वळवून पाहत होती. तीस वर्षं ठप्पा ठोकून उस्तादांचा अंगठा गेलाय. फेब्रुवारीपासून तेच तिच्याकडे दवाखान्यात जातात. म्हणजे मी पडण्याच्याही आधीपासून! आणि मी इतके दिवस दोघांना एकमेकांपासून लपवत होतो.
उस्ताद म्हणाले, "आओ पंडितजी, आपकी ही बात चल रही थी." ही गोष्ट मी चांगल्या अर्थाने घेतली.
दोघांनी मिळून समजावलं. उस्ताद म्हणाले, "देखो, किवाड़ जाम हो गया, तो मैं धक्का दे के खोल दूँगा. पर रोज खोलोगे-बंद करोगे नहीं, तो फिर जाम." मिस म्हणाली, "उस्तादांनी मोकळं केलं की त्याच दिवशी मी हलवून घेणार, आणि उरलेले सहा दिवस तुम्ही. आमचं काम दोन आणे आहे, आजोबा. चौदा आणे तुमचं."
थोडक्यात, दोन्ही पद्धती एकत्र करायच्या. हे मी बारा मार्चलाच लिहून ठेवलंय! माझाच सिद्धांत त्यांनी उचलला. श्रेय मागितलं नाही.

मंगळवार, २० एप्रिल.
अंतर: अकरा इंच!! सौ.ला बोलावून दाखवलं. दवाखान्यातही दाखवलं. मिस सबनीसने माझे गुडघे मागे दाबले आणि पुन्हा मोजलं. अठरा.
तिने माझी वही चाळली. म्हणाली, "एकतीस एप्रिलचेही आकडे आहेत यात." मी म्हटलं, पुढचा विचार करणारा माणूस आहे. ती हसली नाही. टेप गुंडाळत म्हणाली, "मुंज तुमच्याच मुलाची आहे ना?"
घरी येऊन एक व्यायाम खरा केला. सहा वेळा. फार दुखलं. त्या मुलीला कुणी सांगायला हवं की विद्वानांशी असं बोलत नाहीत.

गुरुवार, २२ एप्रिल.
व्यायाम केला! आठ वेळा. एकच, पण केला.

शुक्रवार, २३ एप्रिल.
काल केल्याने आज दुखतंय. उद्या मुदतीचा शेवटचा दिवस. निवेदनं.

रविवार, २ मे.
ऊन मरणाचं. दहा दिवस उरले. रंगीत तालीम घेतली. पाटावर मांडी घालून बसलो, समोर लोड उभा केला, तो अनिल. लोड लोळू लागला म्हणून दोन्ही हातांनी धरून थोडा उचलला. तोंड लोडाच्या कानाशी बिनचूक पोचलं. कंबर अजिबात दुखली नाही. काम फत्ते.
अनिल दारातून पाहत होता. म्हणाला, "पण मला कोण उचलणार?"

शुक्रवार, ७ मे.
पाहुणे यायला लागले. उस्तादांना आणि मिस सबनीसला निमंत्रण दिलं. उस्तादांना पत्रिका हातात घेऊन गलबलून आलं. "पंडितजी, मंतर तो आप ही देंगे ना?" म्हटलं, अर्थात. म्हणाले, "बुधवार को मैं जल्दी आ जाऊँगा. कुछ हो तो." काय होणार आहे?
गायत्रीचा बारा हजार जप माझा पुरा झाला. गुरुजी म्हणाले, त्याशिवाय मंत्र द्यायचा अधिकार येत नाही. यात मी एका मण्याचीही लबाडी केली नाही. बसल्या बसल्या करायच्या गोष्टींत मला कुणी मागे टाकू शकत नाही.

मंगळवार, ११ मे.
उद्या. शेक दोन वेळा. शांत आहे.
सौ. रात्रीची आवराआवर करून येऊन बसली. म्हणाली, "अहो, नाही जमलं तर नाही म्हणा. त्यात लाज नाही." मी म्हटलं, नाही जमलं तर, हा पक्षच माझ्यापुढे नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर म्हणून राहिले."

बुधवार, १२ मे. संध्याकाळ. पडल्या पडल्या.
क्रमाने लिहितो.
सकाळ उत्तम. मातृभोजन झालं, वपन झालं. अनिल मुंडनानंतर एकदम लहान दिसू लागला. सोवळं नेसून पाटावर बसलो, कुणाचा हात न धरता. मांडवात दोनशे माणसं. मिस सबनीस बायकांत, नऊवारीत, ओळखलीच नाही. उस्ताद खांबाशी उभे, नवा साफा बांधून.
मुहूर्ताला अनिल समोर बसला. गुरुजींनी आमच्या दोघांच्या डोक्यावरून उपरणं घातलं. आत उजेड पिवळा झाला. अनिलचे डोळे मोठे. मी वाकलो.
गेलो. थोडा गेलो. मग आणखी. चार बोटं राहिली. चार बोटं! त्याचा श्वास लागत होता मला. मी हळूच म्हटलं, थोडा उंच हो. तो म्हणाला, "गुरुजींनी सांगितलंय, हलायचं नाही." मी म्हटलं, बापाचं ऐक. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच या ना अजून थोडं."
मी आणखी थोडं गेलो.
कड्ड. हे उस्तादांचं कड्ड नव्हे.
बाहेर गुरुजी म्हणत होते, "सांगा, सांगा, वेळ जातेय." मी काही सांगण्याच्या अवस्थेत नव्हतो. उपरणं उचललं गेलं. मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "केवढा लीन झालाय!" मी लीन नव्हतो. अडकलो होतो.
मग उस्ताद खांबापासून धावले आणि तिकडून मिस सबनीस. उस्ताद म्हणाले, "मैडम, आप घुटने सँभालो." तिने गुडघे धरले, त्यांनी काखेत हात घातले, आणि मांडी घातलेल्या स्थितीतच मला पाटासकट कोठीच्या खोलीत नेलं. लाडवांच्या परातींशेजारी आडवं केलं. एक दाबत होता, एक सोडवत होती. त्यांचं छान जमतं. दोघांच्या मध्ये मी होतो, पण मला कुणी काही विचारत नव्हतं.
मिस म्हणाली, "उस्ताद, व्यायाम झालेलेच नाहीत. स्नायू लाकूड आहे." सौ. दारात उभी होती, हातात भरलेली घागर, खांद्याच्या वर उचललेली. म्हणाली, "झाले ना. रोज झाले, दोन्ही वेळा. मी केले." मिसने तिच्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, आणि मग हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.
बाहेर गुरुजींचा आवाज: मुहूर्ताची साडेतीन मिनिटं उरलीत, चुलत्याला चालेल, पण जप झालेला हवा. आणि भय्यासाहेबांचा आवाज, "झालाय. बारा हजार. गाडीत, लूप लाइनवर खोळंबलेलं असताना, जिथे वेळ मिळाला तिथे केला. श्रीनाथ पडल्याच्या दुसऱ्या दिवशीच विजयाने सांगितलं होतं, करून ठेवा म्हणून."
दुसऱ्या दिवशीच. सौ.ने, सात मार्चला. ओसरीवर.
मी कान देऊन होतो. म्हटलं, गार्डाचा गळा, मांडवभर ऐकू जाईल, निदान चूक तरी काढता येईल. काही ऐकू आलं नाही. दोनशे माणसं गप्प होती आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

गुरुवार, १३ मे.
उस्ताद आणि मिस सकाळी येऊन गेले. येत्या सोमवारपासून दवाखान्यात दर आठवड्याला दोघे मिळून रोगी तपासणार. डॉक्टरांनी मान्य केलंय. व्यायाम कसे करावेत हे बायकांना दाखवायला त्यांना कुणीतरी अनुभवी हवं होतं. मी उठून बसायला लागलो. त्यांनी सौ.ला विचारलं.
भय्यासाहेब ड्यूटीवर जाताना आत डोकावले. माझ्या पायांवर पांघरूण सरळ केलं आणि गेले. त्यांच्याविषयी काही लिहायचं होतं, सुचत नाही.
दुपारी अनिल संध्या करून आला. डोकं गुळगुळीत, कमरेला मेखला, मोठा ऐटीत. सहज विचारलं, काय रे, काका कसं म्हणाले? स्वर बरोबर होते? म्हणाला, "कानातलं सांगायचं नसतं, बाबा." मी म्हटलं, अरे, मला पाठ आहे तो, चाळीस वर्षं म्हणतोय. म्हणाला, "तरी नाही." पुष्कळ गोड बोललो. ऐकेना. शेवटी दया येऊन एवढंच म्हणाला, "मिशा टोचत होत्या."
मग खेळायला गेला.
माझ्या मुंजीत वडिलांनी मंत्र कसा सांगितला, स्वर कुठे चढवला, काही आठवत नाही. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता, तेवढं आठवतं. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली. बाकीचं सगळं गेलं, लवंग राहिली.
अनिलला मिशा राहतील.
मला मिशा नाहीत.